मोटारीच्या पन्हळी

कसबा बावड्यांत पावसाळा म्हटला कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बंधाऱ्यावर किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचें पाणी ३९ फुटांस पोंचलें म्हणजे इशारा आणि ४३ फुटांस पोंचलें म्हणजे धोका, हें येथील शाळकरी पोरासही तोंडपाठ असतें. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत ही पातळी ५५ फुटांच्याही वर गेली. तेव्हांपासून तर हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजांत एक निराळीच धास्ती असते. परंतु ज्या पाण्याविषयीं आम्ही आज लिहीत आहों, तें नदीचें नव्हे. नदी आपल्या पात्रांत निमूट वाहत असतांना, इशाऱ्याची पातळी दूर असतांना, आमच्या अंगणांत उभ्या असलेल्या मोटारीच्या आंत पाणी शिरलें. त्यापायीं आमच्या घरीं जो प्रसंग ओढवला तो सांगितल्यास दुसऱ्या एखाद्या कुटुंबाचा त्रास वांचेल, या हेतूनें हें लिहावयास घेतलें आहे.

आमचें कुटुंब एकत्र. तिघे भाऊ, तिघी जावा, मुलेंबाळें, आणि सर्वांत वडील अशा आमच्या आत्याबाई. मोटार मात्र एकच. एकत्र कुटुंबांतील मोटारीचें आणि धर्मशाळेंतील घागरीचें भाग्य सारखेंच. वापरावयास सगळे, घासावयास कोणी नाहीं. चाकांत हवा भरणें, तेल पाहणें आणि सणावारीं वरून धुणें एवढें आमच्याकडून होई. त्यापलीकडे तिला कांहीं लागत असेल हें आमच्यापैकीं कोणाच्या मनांत आलें नव्हतें. ती उभी राही मागील अंगणांत, शेवग्याच्या झाडाखालीं. हें झाड आत्याबाईंनीं स्वतः लावलेलें.

गेल्या वर्षीं आर्द्रा नक्षत्र लागलें आणि चारपांच दिवस झड बसली. त्या दिवसांत सकाळीं मोटार काढावयास जावें तों सर्व कांचा आंतल्या बाजूनें धुरकटलेल्या असावयाच्या. रुमालानें पुसल्या कीं काम भागे, म्हणून तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येऊं लागला. त्यावर बाजारांतून सुगंधाची एक कुपी आणून ती समोर टांगली. आणि एके दिवशीं डाव्या बाजूच्या पुढील बैठकीपाशीं पाय ठेवतांच खालचा गालिचा पचपचला.

घरांत ओल सांपडली कीं आधीं गुन्हेगार शोधावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. आमच्या धाकट्या बंधूंचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेंत जातांना त्या बैठकीवर बसे, आणि त्याच्या दप्तराच्या कप्प्यांत पाण्याची बाटली असे. चौकशीस तेवढें पुरेसें झालें. "काका, मी नाही सांडलं," असें तो पुनःपुन्हां सांगत होता. परंतु नऊ वर्षांच्या मुलाचें म्हणणें आणि ओला गालिचा यांत आम्हीं गालिच्यावर विश्वास ठेवला. पंधरा दिवस पुढें बसावयाचें नाहीं, अशी शिक्षा झाली. आठवड्यानें तो मागें बसत असतांनाही पुढचा गालिचा ओलाच सांपडला. तेव्हां संशय कांच उघडी टाकणाऱ्या पुतणीवर गेला, मग भिजलेली भाजी आणणाऱ्या वहिनींवर गेला. शेवटीं मोटार एका कार्यशाळेंत नेली. तेथें समोरच्या कांचेच्या रबराभोंवतीं सिलिकोनचा लेप भरून दिला आणि त्याचें बिलही घसघशीत दिलें. दोन दिवसांनीं पाऊस पडला आणि गालिचा पूर्वीप्रमाणेंच ओला झाला.

इथवरचा प्रकार हंसण्यावारी नेतां आला असता. आत्याबाईंस दम्याचा जुना विकार आहे. महिन्यांतून एकदां त्यांस शहरांतील डॉक्टरांकडे न्यावें लागतें. त्या दिवशीं पाऊस जोराचा होता, म्हणून सर्व कांचा बंद केल्या आणि कांचेवरील धुकें जावें म्हणून पंखा पूर्ण सोडला. अर्ध्या वाटेवर त्यांना ढास लागली. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशीं पोंचलों तेव्हां त्यांना शब्दही बोलवत नव्हता. ओठ निळसर दिसूं लागले होते. वाफेच्या यंत्रानें औषध दिलें, प्राणवायु लावला, दोन तासांनीं श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरांनीं विचारलें, "घरांत कोठें ओल आहे काय? भिंतीस बुरशी?" आम्हीं ठासून सांगितलें कीं, घर कोरडें ठणठणीत आहे. ज्या मोटारींतून त्यांना आणलें तिच्यांत, त्यांच्या पायांखालींच, ती ओल होती, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं.

तें सुचविलें उद्यमनगरांतील एका वृद्ध मिस्त्रींनीं. दुसऱ्याच कांहीं कामाकरितां मोटार त्यांच्याकडे गेली होती. वासावरूनच त्यांनीं ओळखलें. कांहीं उघडलें नाहीं, कांहीं खोललें नाहीं. एक तांब्याभर पाणी मागून घेतलें, तें समोरच्या कांचेच्या तळाशीं हळूहळू ओतलें आणि खालीं वांकून पाहिलें. उजव्या चाकामागें पाण्याची धार लागलीच पडली. डावीकडे थेंब नाहीं. मग त्यांनीं डाव्या मडगार्डाच्या आंत हात घातला, तेथें एक रबराची चोच लोंबत होती ती दोन बोटांनीं दाबली. तोंच काळाकुट्ट चिखल भदकन् खालीं आला आणि त्यामागून पाणी. किती वेळ येत राहिलें म्हणतां! तो चिखल मिस्त्रींनीं तळहातावर पसरून दाखविला. शेवग्याचीं पानें आणि फुलें कुजून त्यांचा अगदीं लगदा झाला होता. "गाडी गळत न्हाई साहेब," ते म्हणाले, "गाडी तुंबलीया."

या दोन शब्दांतील फरकांत सारा विषय आला आहे. मोटार म्हणजे चोहोंकडून बंद केलेली डबी, आणि आंत पाणी दिसलें म्हणजे डबीस भोंक पडलें, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मोटार पाणी अडवीत नाहीं. ती पाणी आंत घेते आणि ठरलेल्या वाटेनें बाहेर सोडते. आपल्या जुन्या चौसोपी वाड्यांची रचना हीच. चौकांत पाऊस पडावयाचाच. तो मोरीवाटे बाहेर गेला कीं झालें. त्या मोरीच्या तोंडाशीं पाचोळ्याचा बोळा बसला आणि पाणी सोप्यावर चढलें, तर कौलें बदलून काय उपयोग? आमच्या मोटारीस सिलिकोनचा लेप लावणें हें असेंच कौलें बदलणें होतें.

मोटारीच्या या पन्हळी कोठें असतात तें प्रत्येक घरच्या एका तरी माणसानें डोळ्यांनीं पाहून ठेवावें. समोरची कांच जेथें संपते तेथें, बॉनेटच्या मागील कडेस, एक काळी प्लॅस्टिकची जाळी असते. वायपरचे दांडे तिच्यांतूनच वर आलेले असतात. गॅरेजवाले या भागास 'काऊल' म्हणतात. कांचेवरून ओघळणारें सर्व पाणी त्या जाळींतून खालच्या पन्हळींत उतरतें आणि डाव्या-उजव्या टोंकांच्या छिद्रांवाटे पुढील चाकांमागें जमिनीवर पडतें. आतां खुबी अशी कीं, आंत बसणाऱ्यांकरितां ताजी हवा ओढून घेणारें तोंडही याच पन्हळींत असतें. तें पाण्याच्या वाटेहून थोडें उंचावर ठेवलेलें असतें, आणि पन्हळ मोकळी असेल तोंवर तेवढी उंची पुरते. छिद्र बुजलें कीं पाणी चढूं लागतें. हवेच्या तोंडास लागलें कीं धोक्याची पातळी आली म्हणावयाची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळें हवा ओढणारा पंखा बहुधा डाव्या बाजूस, समोरच्या फळीच्या पोटांत बसविलेला असतो. म्हणून अशा वेळीं पाणी डाव्या बैठकीच्या पायांशीं उतरतें, आणि तेथें एखादा शाळकरी मुलगा बसत असेल तर त्याच्या नांवावर चढतें.

छिद्रें बुजतात कशानें? आंब्याफणसाच्या पानांनीं क्वचितच. मोठें पान जाळीवर अडकतें, हातानें उचलून टाकतां येतें. घात करतात तीं शेवगा, गुलमोहोर, कडुनिंब यांचीं बारीक पानें व फुलें. तीं जाळींतून सहज खालीं जातात. त्यांत बावड्याची एक खास भर आहे. येथें चहूंकडे उसाचे फड. ऊस तुटून गेला कीं पुष्कळ ठिकाणीं पाचट पेटविलें जातें, आणि त्याची काळी काजळी वाऱ्यावर तरंगत येऊन वाळत घातलेल्या धोतरांवर, पापडांवर आणि अर्थात् मोटारींवरही उतरते. ही काजळी, उन्हाळ्यांतील धूळ आणि पानें यांवर वळवाची पहिली सर पडली कीं त्यांचें छान सारवण तयार होतें. मृगाच्या पावसाला वाट बंद झालेली सांपडते ती अशी.

दुसरी वाट एसीची. उन्हाळ्यांत एसी चालूं ठेवून मोटार उभी केली म्हणजे खालीं स्वच्छ पाणी ठिबकतांना आपण पाहतों, आणि कित्येकजण तें पाहून घाबरतात. घाबरण्याचें कारण तें ठिबकत नसेल तेव्हां आहे. थंड नळ्यांवर हवेंतील बाष्पाचें पाणी होतें आणि तें एका बारीक नळीनें तळाखालीं सोडलेलें असतें. दमट दिवशीं एसी बराच वेळ चालूनही खालीं जमीन कोरडी आणि आंत गालिचा ओला, असें दिसल्यास ही नळी तुंबली असें समजावें. पाऊस नसतांना मोटार ओली होते ती बहुधा यामुळें. मात्र आंतील ओल चिकट असून तिला गोडसर वास येत असेल, तर तें पाणी नव्हे. इंजिन थंड राखणारें द्रव्य आंत गळत आहे, आणि तेथें विलंब न करतां जाणत्या मिस्त्रीस दाखविणें भाग आहे.

दारांचीही गोष्ट अशीच. खिडकीच्या कांचेवरून वाहणारें पाणी रबराच्या कडेनें थोडें थोडें दाराच्या पोटांत जाणारच. तें दाराच्या खालच्या कडेच्या दोनतीन छिद्रांतून गळून जातें. दार उघडतांना आंत शहाळ्यासारखी खळखळ ऐकूं आली तर तीं छिद्रें बुजलीं आहेत. गंज लागूं नये म्हणून तळाला जो काळा लेप मारून घेतात, त्याच लेपानें हीं छिद्रें बंद झालेलीं आढळतात, आणि दार आंतून कुजतें. जुना दांत घासण्याचा ब्रश किंवा उदबत्तीची काडी एवढ्यावर हें काम होतें.

अलीकडे छतास सरकती कांच असलेल्या, म्हणजे सनरूफच्या, मोटारींची हौस फार वाढली आहे. पुण्यास राहणाऱ्या आमच्या एका मेहुण्यांनीं ती हौस केली. दुसऱ्या पावसाळ्यांत त्यांच्या मोटारीच्या छताच्या दिव्यांतून पाण्याचे थेंब पडूं लागले. त्यांची समजूत अशी कीं कांचेभोंवतीचें रबर खराब झालें. तें रबर कितीही नवें असलें तरी सर्व पाणी अडविण्याकरितां नसतेंच. कांचेखालीं एक उथळ ताट असतें आणि त्या ताटाच्या कोंपऱ्यांतून बारीक नळ्या मोटारीच्या खांबांमधून खालीं गेलेल्या असतात. त्यांपैकीं पुढची एक नळी तुंबली होती. तेथें मेहुण्यांनीं दुसरी चूक केली. चाकांत हवा भरण्याच्या नळीनें तींत जोरानें हवा सोडली. नळी सांध्यापाशीं निसटली, आणि पूर्वीं थेंब पडत तेथें धार लागली. या नळ्या मऊ असतात. गवत कापण्याच्या यंत्रास जी नायलॉनची दोरी लावतात, ती हलक्या हातानें आंत सोडावी. लोखंडी तार घालूं नये, ती नळीस भोंक पाडते. कांच उघडून ताटाच्या कोंपऱ्यांत फुलपात्रभर पाणी सोडलें आणि तें खालीं येतांना दिसलें, कीं चिंता नाहीं.

डिकीचाही एक शब्द. स्टेपनी उचलून तिच्या खळग्यांत डोकावण्याची बुद्धि आपल्याला चाक पंक्चर झाल्याशिवाय होत नाहीं. तेथें पाणी सांचून डास झालेले आम्हीं प्रत्यक्ष पाहिले आहेत.

वाट मोकळी झाली म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. आमची खरी मेहनत तेथून पुढें सुरू झाली. जुन्या पुष्कळ मोटारींत पत्र्याच्या तळावर नुसती रबरी चटई असे. ती उचलून उन्हांत टाकली कीं भागे. आतांच्या मोटारींत गालिच्याखालीं स्पंजाचा जाड थर असतो. तो गादीप्रमाणें पाणी पितो आणि वरचा गालिचा हातास कोरडा लागला तरी आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्याची वाफ रात्रीं थंड कांचेवर जमते. सकाळच्या त्या धुक्याचें मूळ तेंच. ओल दोनतीन दिवस टिकली कीं बुरशी धरूं लागते, आणि पंखा चालू होतांच तिचे सूक्ष्म कण बंद मोटारींत उधळले जातात. दमेकऱ्याला याहून वाईट जागा शोधूनही सांपडावयाची नाहीं. टांगलेल्या सुगंधाच्या कुपीनें नाकाची फसवणूक होते, छातीची होत नाहीं.

दुसरें भय विजेचें. हल्लींच्या मोटारींत गालिच्याखालून तारांच्या जुड्या गेलेल्या असतात आणि कांहींत बैठकींखालीं नियंत्रणाच्या विजेच्या पेट्याही बसविलेल्या असतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक जसें कळकतें, तसे या तारांचे सांधे ओलीनें कळकतात. मग एके दिवशीं दारांचीं कुलुपें आपोआप लागतात, समोरचे तांबडे दिवे कारणावांचून पेटतात, किंवा नेमक्या वेळीं मोटार सुरूच होत नाहीं. त्यावेळीं जो खर्च येतो त्यापुढें सिलिकोनचें बिल म्हणजे दक्षिणा होय.

आम्हीं पुढच्या बैठका काढवून घेतल्या, गालिचा उचलून धरला, स्पंज पिळला. किती बादल्या भरल्या तें सांगितलें तर अतिशयोक्ति वाटेल. आकाश उघडण्याची वाट न पाहतां पडवींत दोन पंखे लावून चार दिवस वाळवण केलें. कोरडें झालें कीं नाहीं याची खूण मिस्त्रींनीं सांगितली ती साधी : वर्तमानपत्राची घडी गालिच्याखालीं ठेवून तीवर पाय देऊन उभें राहावें, सकाळीं कागद कुरकुरीत निघाला तर कोरडें. ज्या ठिकाणीं काळे ठिपके धरले होते तेवढा स्पंज टाकून नवा घातला. आणि पंख्याच्या वाटेंत हवा गाळणारी जी कागदी जाळी असते तीही बदलली. जुनी काढली तेव्हां तिचा रंग पाहून वहिनींनीं तोंडाला पदर लावला.

पुराच्या पाण्याविषयीं येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण आमच्या भागांत लोक या दोहोंची गल्लत करतात. उंबऱ्यापर्यंत पाणी चढून मोटार बुडाली तर तो पन्हळींचा प्रश्न नव्हे. अशा वेळीं पाणी ओसरल्यावर 'चालते का पाहूं' म्हणून किल्ली फिरवूं नये. इंजिनांत पाणी गेलेलें असेल तर त्या एका फिरवण्यानें तें कायमचें मोडतें. बॅटरी सोडवून घ्यावी आणि मोटार ओढून न्यावी.

पन्हळी साफ करण्याचा दिवस आम्हीं आतां घरच्या पन्हळींसमवेतच ठरविला आहे. रोहिणी नक्षत्र संपण्याच्या आंत छपरावर माणूस चढतो. त्याच दिवशीं मोटारीचें बॉनेट उघडावयाचें, जाळीवरचा पाचोळा हातानें वेंचून काढावयाचा, आणि मग तांब्यानें पाणी ओतून दोन्ही बाजूंस धार पडते कीं नाहीं तें पाहावयाचें. पाण्याचा जोराचा फवारा आधीं मारूं नये. पाचोळा छिद्राच्या तोंडाशीं अधिकच घट्ट बसतो. पावसाळा चालूं असतांना दर पंधरवड्यास तांब्याची परीक्षा पुन्हां करावी. आणि झाडाखालीं मोटार उभी करणें टळत नसेल तर जाळीवर हात फिरवणें रोजचें समजावें. शेवगा तोडून टाकावा असा एक ठराव घरांत आला होता. आत्याबाईंनीं तो दोन वाक्यांत नामंजूर केला. मोटार तेथून तीन हात अलीकडे आली आणि आमटींत शेंगा पूर्वीसारख्याच पडत आहेत.

यंदा रोहिणींत तांब्या घेऊन पुढें आला तो आमचा पुतण्याच. गेल्या वर्षींच्या शिक्षेची त्याला आठवण होती, आम्हांसही होती. आम्हीं त्याची रीतसर क्षमा मागितली होती, परंतु मुलें अशा गोष्टी वह्यांत लिहून ठेवल्याप्रमाणें लक्षांत ठेवतात. पाणी ओतण्याचें काम त्यानें आम्हांकडे दिलें आणि आपण पोटावर पालथा पडून मोटारीखालीं पाहत राहिला. उजवीकडची धार लागली तसा तो ओरडला, "आलं!" डावीकडे थोडा वेळ गेला. आत्याबाई पडवींत सुपांत शेवग्याचा पाला निवडीत बसल्या होत्या; त्यांचाही हात थांबला. आम्हीं आणखी एक तांब्या ओतला.

"आलं, काका, इकडूनही आलं!"